कॉट्सवोल्ड्समध्ये एकच दिवस असेल तर फेअरफर्ड, आणि दुर्बीण घेऊन जा

आई-बाबांना घेऊन इंग्लंडातल्या कॉट्सवोल्ड्सला जाताय, हाताशी एकच दिवस आहे आणि रंगीत काचांच्या खिडक्यांसाठी कुठली पाच-सहा चर्चेस करावीत, असं तुम्ही विचारलंय. शिवाय "सगळ्या सारख्याच दिसतात, जुनी कुठली ते कसं ओळखायचं?" हेही. पाच-सहा करूच नका. तिसऱ्या चर्चमध्ये बाबा बाकावर टेकतील आणि चौथ्यात तुम्हीही. एक करा, दोन तास द्या. फेअरफर्डचं सेंट मेरी.

आधी वेळेचं बोलतो, कारण तिथे मी स्वतः माती खाल्लीय. इंग्लंडात आलो त्या पहिल्या वर्षी ऐन डिसेंबरात दुपारी साडेतीनला एका चर्चमध्ये शिरलो. त्या दिवसांत साडेतीन म्हणजे दिवेलागणच. खिडक्या काळ्याठिक्कर. कुणीतरी कृपाळूपणे आतले दिवे लावले, तर त्या आणखीच मेल्या! ही काच पलीकडून आलेल्या उजेडानेच जिवंत होते. म्हणून बाहेरून पाहिलं तर भर दुपारीही जाळी लावलेल्या मळकट खिडकीपलीकडे काही दिसत नाही. आणि लख्ख उन्हाची वाट बघू नका. थेट ऊन आलं की रंग फरशीवर सांडतात, फोटो झकास येतो, पण काचेवर रेखलेले चेहरे वाचता येत नाहीत. पांढरट ढगाळ आभाळ सगळ्यात चांगलं. ते इथे नवस न बोलता मिळतं.

आता फेअरफर्डच का? लोकरीच्या व्यापारात गबर झालेल्या जॉन टेमने पंधराव्या शतकाच्या अखेरीस हे चर्च नव्याने बांधायला घेतलं, मुलगा एडमंडने पुरं केलं. खिडक्या २८, साधारण १५०० ते १५१७ मधल्या. सातव्या हेन्रीचा राजकाचकार बर्नार्ड फ्लॉवर याच्या कारखान्याचं हे काम मानतात. मध्ययुगाच्या अखेरच्या काचेचा इतका पूर्ण संच इंग्लंडातल्या दुसऱ्या कुठल्याच पॅरिश चर्चमध्ये उरलेला नाही. इतरत्र काय झालं ते विल्यम डाउसिंगच्या रोजनिशीत वाचायला मिळतं. इंग्लंडातल्या यादवी युद्धाच्या काळात, १६४३-४४ मध्ये, हा कट्टर प्रोटेस्टंट गृहस्थ केंब्रिजशर आणि सफोकमधली चर्चेस फिरून 'अंधश्रद्धेची' चित्रं फोडत होता. क्लेअर गावात हजार फोडली, अशी नोंद त्याने केलीय. फोडणारा माणूस, पण हिशेबाला चोख.

आत गेल्यावर मोठ्या खिडकीकडे धावू नका. उत्तरेच्या बाजूला, लाकडी पडद्यापलीकडच्या चॅपलमध्ये, आदम आणि ईव्हची खिडकी शोधा. तिथून गोष्ट सुरू होते. मेरी, येशूचा जन्म, पूर्वेला वेदीच्या वर क्रूस, मग दक्षिणेकडून पुनरुत्थान आणि पुढचं, पश्चिमेला शेवटचा न्याय, आणि उत्तरेच्या भिंतीने परत. म्हणजे चक्क प्रदक्षिणा, तीही आपल्यासारखी उजवी घालून. आईंना हे सांगाच.

माणसं ओळखायची रीतही आपल्याला परकी नाही. आपण चेहऱ्यावरून देव ओळखत नाही, हातात काय आहे ते बघतो. इथेही तेच. किल्ली दिसली की पीटर, तिरपा क्रूस म्हणजे अँड्र्यू, चाक असेल तर कॅथरीन. दक्षिणेच्या बाजूला बारा शिष्य उभे आहेत, प्रत्येकाकडे श्रद्धा-प्रतिज्ञेतलं एकेक वाक्य; समोर उत्तरेला जुन्या करारातले बारा संदेष्टे. मान वर केलीत तर सगळ्यात उंच रांगेत दक्षिणेला हुतात्मे आणि उत्तरेला त्यांचा छळ करणारे. छळणाऱ्यांच्या डोक्यावरच्या छोट्या तुकड्यांत सैतान बसलेत. दुर्बीण त्यांच्यासाठी हवी. नुसत्या डोळ्यांना ते नक्षीच वाटतात.

आता पश्चिमेची खिडकी. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर या एका खिडकीत आहे. १७०३ च्या महावादळात तिचं मोठं नुकसान झालं आणि वरचा अर्धा भाग १८६० च्या दशकात नव्याने घडवला. खालचा भाग जुना. म्हणजे एकाच चौकटीत साडेतीनशे वर्षांचं अंतर वरखाली लावून ठेवलंय. खाली मधोमध देवदूत मायकेल तराजूत आत्मे तोलतोय (चित्रगुप्ताची वही नाही, खातं तेच), उजव्या हाताला लालभडक नरक. त्या लालाकडे टक लावून बघा. एकाच तुकड्यात तो कुठे गडद, कुठे फिका होतो. तांब्याने आलेला लाल इतका दाट असतो, की अख्खी काच त्याची केली तर काळीच दिसेल. म्हणून पांढऱ्या काचेवर लालाची पातळ साय चढवतात आणि ती सगळीकडे सारखी बसत नाही. मग पिवळा बघा. केस, मुकुट, झग्याची किनार, सगळं एकाच पांढऱ्या तुकड्यावर, मध्ये तुकडे जोडणारी शिशाची पट्टी नाही. चांदीचं संयुग काचेच्या पाठीला लावून भट्टीत भाजलं की काचेतच सोनेरी डाग उतरतो. स्टेन्ड ग्लासमधला 'स्टेन' तो हाच. बाकीचे बहुतेक रंग काच वितळवतानाच त्यात घातलेले असतात. एवढं पाहून नजर वरच्या अर्ध्यावर न्या. रंग चोख आहेत, सफाई आहे, पण काच गुळगुळीत आणि सपाट. एकदा हा फरक डोळ्यात बसला की पुढे कुठल्याही चर्चमध्ये फसणार नाही.

कुणीतरी हमखास सांगेल, की जुनी काच हळूहळू खाली वाहते म्हणून तळाशी जाड असते. मान डोलवा आणि सोडून द्या. हाताने बनवलेली काच मुळातच कमीजास्त जाडीची असायची.

इतर गावांत जे दिसेल ते बहुतेक व्हिक्टोरियन, म्हणजे एकोणिसाव्या शतकातलं. नाक मुरडू नका, त्यातही गंमत आहे. कोपऱ्यात गव्हाची छोटी पेंढी दिसली तर ती चार्ल्स ईमर केम्पच्या कारखान्याची खूण. कुठे संतांचे कपडे शाबूत आणि चेहरे पुसून कोरे झालेले दिसतील. ते काही डाउसिंगचं काम नव्हे. त्या काळात काहींनी रेखाटनाच्या रंगात टाकणखार घातला, रंग कमी आचेवर बसला आणि पुढे दमट हवेत उडून गेला. दिवस उरलाच तर स्ट्राउडजवळच्या सेल्स्ली गावचं चर्च करा, तिथे नक्षीकार विल्यम मॉरिसच्या कंपनीचं अगदी सुरुवातीचं काम आहे, रोझेटी आणि बर्न-जोन्स या चित्रकारांच्या हातचं. बाबा मुंबईचे असतील तर त्यांना कुलाब्याच्या अफगाण चर्चची आठवण करून द्या. तिथल्या मोठ्या खिडक्याही इंग्लंडातल्याच, न्यूकॅसलच्या विल्यम वेल्सच्या कारखान्यातल्या.

फेअरफर्डला रेल्वे नाही, गाडी हवी. रविवारी सकाळी प्रार्थना असते, तेव्हा टाळा. लग्न किंवा अंत्यविधी असला तर चर्च बंद मिळतं, आदल्या दिवशी चौकशी करा. चपला काढायच्या नाहीत, आई विचारतीलच. दानपेटीत काहीतरी टाका, शिसं बदलायचा खर्च प्रचंड असतो. आणि बाहेर पडल्यावर कबरींमध्ये टिडल्स नावाच्या चर्चच्या मांजराचं दगडी स्मारक शोधा, १९६३ ते १९८०. मुलं बरोबर असतील तर दोन तासांपैकी अर्धा तास तिथेच जाईल, तेवढा हिशेबात धरा.