इंदूरजवळच्या पीथमपूर औद्योगिक वसाहतीत निर्यातीचा कारखाना आला की इंदूरमध्ये खरंच एकामागे तीन नोकऱ्या तयार होतात का?

तीनाचा आकडा पाठ करू नका, धंद्यागणिक तो बदलतो.

आधी बाहेरून येणारा पैसा मोजा, मग तो विदेशातला असो की शेजारच्या राज्यातला. पीथमपूरची औषधं आणि महाराष्ट्रात जाणारी इंदूरची शेव, डाळ एकाच खात्यात. एमपीपीएससीच्या (मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाच्या) परीक्षेच्या तयारीसाठी इंदूरच्या भंवरकुआँला राहणारा रीवा-सागरकडचा मुलगाही त्यातच, कारण त्याच्या खोलीचं भाडं आणि क्लासची फी घरून येते. उद्घाटनाच्या भाषणांत त्याला कोणी धरत नाही, ही गोष्ट वेगळी.

खरी गोम पुढे आहे. राजेंद्रनगरला सकाळी कंपन्यांच्या बसेस थांबतात तिथे उभे राहून बघा. बसमध्ये चढणाऱ्याचा पगार बाहेरच्या गिऱ्हाइकावर चालतो, पोह्याची गाडी त्या पगारावर, आणि पोहेवाल्याच्या पोराची शिकवणी गाडीच्या गल्ल्यावर. समजा, हातात आलेल्या दर रुपयातले 40 पैसे इथेच खर्च होतात. मग ढोबळ मानाने कारखान्यातल्या तीन नोकऱ्यांमागे गावात आणखी दोन. 60 पैसे गावात थांबले तर दोनामागे तीन. तुमच्या एकामागे तीनसाठी 75 पैसे थांबायला हवेत, आणि मोबाईल, मोटारसायकल, पेट्रोल सगळं बाहेरचं असताना ते कठीणच.

औषधांचा कच्चा माल बराचसा चीनमधून येतो, मशिनरीही बाहेरची. गावात उरतो तो मुख्यतः पगार. शेवेच्या कारखान्याला बेसन इथल्याच मिलचं, पॅकिंगला इथलेच हात. म्हणून निर्यातीचा आकडा मोठा दिसला तरी हुरळून जाऊ नका.

हे चक्र उलटंही फिरतं. इंदूरची हुकुमचंद कापडमिल 1991 मध्ये बंद पडली. कामगारांच्या थकबाकीचा निकाल लागायला 2023 उजाडलं. मिलजवळच्या परदेशीपुऱ्यातले जे किराणावाले, शिंपी त्या पगारांवर जगत होते, ते थकबाकीच्या यादीत नसणारच.

बाहेरच्या पैशावरच शहर वाढतं का, यावर 1955-56 मध्ये डग्लस नॉर्थ आणि चार्ल्स टिबू या अर्थशास्त्रज्ञांचा वाद झाला होता. नॉर्थचा भर बाहेरच्या पैशावर. टिबूचं म्हणणं, शहर मोठं झालं की आपापसातल्या व्यवहारावरही वाढतं. मला इंदूरबाबत टिबू जास्त पटतो.

हिशेब मांडलाच, तर एकटा इंदूर जिल्हा धरू नका. पीथमपूर धार जिल्ह्यात आहे. नोकरी तिकडच्या आकड्यात जाते आणि पगार इकडे खर्च होतो.