मित्राच्या बँडचा छोटा गिग (लाइव्ह कार्यक्रम) बघायला जाताना

तिकीट काढूनच जा, मित्राकडे पास मागू नकोस. छोट्या गिगला बँडचे पैसे बहुधा दारावरच्या तिकिटांतूनच सुटतात. कोरेगाव पार्कात शनिवारी पार्किंगची बोंब, रिक्षाच बरी. साउंडचेक, म्हणजे कार्यक्रमाआधीची आवाजाची तपासणी, चालू असताना मित्राला हाक मारू नकोस.

उभं राहायचं ते मिक्सरजवळ (सगळ्यांचे आवाज कमी-जास्त करायचं यंत्र), कारण आवाज तिथूनच जुळवलेला असतो. स्टेजला चिकटलास तर ड्रम आणि गिटारचा अँप (अँप्लिफायर) थेट कानात, आणि गायकाचा आवाज स्पीकरमधून डोक्यावरून मागे जातो. फोमचे इअरप्लग पिळून बारीक कर, कान वर ओढून आत सरकव. पुण्यात उघड्यावरचा स्पीकर एरवी रात्री १०ला बंद, त्यामुळे वेळेवर पोच.

नंतर सामान आवरायला हात लाव. केबल मात्र कोपराभोवती गुंडाळायची नाही, आतल्या तारा पिळवटून तुटतात. मोठी सैल वेटोळी घे: एक सुलट, एक उलट.