लिलीपाँडमध्ये सी नंतरचा जी खाली का जातो

लिलीपाँड, म्हणजे स्वर अक्षरांत टाइप करून नोटेशन छापणारं सॉफ्टवेअर, त्याबद्दल तुमचे दोन प्रश्न आहेत ना, सी नंतर जी टाइप केला की तो खालचाच का येतो, आणि मधे एका ठिकाणी स्वल्पविराम घातला तर पुढचं अख्खं गाणं सप्तकभर खाली का घसरलं. कारण एकच आहे, त्यातला रिलेटिव्ह मोड प्रत्येक स्वर फक्त आधीच्या स्वरापासून मोजतो.

आणि मोजतो म्हणजे जिकडे जवळ पडेल तिकडे जातो. सी वरून वर मोजलं तर सी डी ई एफ जी अशी पाच अक्षरं, खाली मोजलं तर सी बी ए जी चारच, म्हणून खालचा जी. पांढरी एकचा सा धरला तर सा नंतर म मध्य सप्तकातला मिळतो पण प थेट मंद्रातला, वरचा हवा असेल तर अॅपॉस्ट्रॉफी द्यायलाच लागते. गंमत म्हणजे शार्प-फ्लॅट तो बघतच नाही, नुसती अक्षरं मोजतो, त्यामुळे सी नंतर एफ शार्प वर जातो आणि जी फ्लॅट खाली, पेटीवर दोघांची काळी पट्टी एकच पण इथे पूर्ण सप्तकाचा फरक!

स्वल्पविरामाचंही तेच, त्याने तो एक स्वर सप्तकभर खाली गेला की पुढचे सगळे त्याच्या मागे जाणार, परत वर यायला कुठेतरी अॅपॉस्ट्रॉफी हवीच. कॉपी-पेस्ट करताना तर हमखास घोळ होतो, कारण तुकडा हलवला की त्याच्या आधीचा स्वर बदलतो. म्हणून मी प्रत्येक ओळीच्या पहिल्या स्वरापुढे बरोबरचं चिन्ह टाकून ऑक्टेव्ह चेक लावते, मधल्या सी साठी सी, बरोबर, एक अॅपॉस्ट्रॉफी, मधे काही चुकलं असेल तर लॉगमध्ये वॉर्निंग येते आणि तिथून पुढचं सप्तकही ताळ्यावर येतं.

कॉर्डमध्ये (एकदम वाजणाऱ्या स्वरांच्या गटात) जपा, आतले स्वर एकमेकांपासून मोजले जातात पण कॉर्डनंतरचा स्वर कॉर्डच्या पहिल्या स्वरापासून, शेवटच्या नाही. खूप उड्या मारणारा बेस किंवा कॉर्डच कॉर्ड असतील तर मी रिलेटिव्हच्या नादी लागतच नाही, सरळ फिक्स्ड मोड, म्हणजे प्रत्येक स्वराचं सप्तक एकाच ठरलेल्या सप्तकापासून मोजणारा, तो वापरते (२.२० किंवा पुढचं व्हर्जन हवं), गाण्याच्या चालीला मात्र रिलेटिव्हच बरं, टायपिंग निम्म्यावर येतं.

आणि हो, पट्टी बदलायला ट्रान्सपोज वापरणार असाल तर रिलेटिव्ह त्याच्या आत लिहा, बाहेर नको.