मंगळावर माणसांचं यान नुसत्या पॅराशूटने का उतरवता येणार नाही?

पाचगणीचं पॅराग्लायडिंग बघून प्रश्न पडला म्हणताय, तर मुद्दा हवेचाच आहे. मंगळावर हवेचा दाब आपल्या साताऱ्यातल्या दाबाच्या एक टक्क्याच्या आसपास. यान तापवायला तेवढी पुरते, वेग पूर्ण मोडायला नाही. २०२१ मध्ये उतरलेला नासाचा पर्सिव्हरन्स रोव्हर (मंगळावर फिरणारी चाकांची गाडी) जेमतेम एक टनाचा. साडेएकवीस मीटरचं पॅराशूट असूनही शेवटी रॉकेटं पेटवावीच लागली. माणसांचं यान वीस टनांच्या पुढे जाईल.

म्हणून फुगवता येणारी मोठी उष्णतारोधक ढाल (नासाने २०२२ मध्ये सहा मीटरची ढाल पृथ्वीच्या वातावरणात तपासली) आणि ध्वनीपेक्षा जास्त वेगात असतानाच उलट दिशेने पेटणारी इंजिनं, असा विचार चालू आहे.

माझ्या मते खरी डोकेदुखी अगदी शेवटच्या काही मीटरची. इंजिनांच्या झोताने खडे उडतात. नासाचा आधीचा रोव्हर क्युरिऑसिटी उतरताना वाऱ्याचा सेन्सर बिघडला तो बहुधा त्यांनीच, आणि तिथे तर इंजिनं वर, दोरांवर रोव्हर खाली होता! माणसांच्या मोहिमेत परतीचं यानच जवळ उभं असेल तर? ते लांब ठेवायचं, तर स्पेससूट घालून माणसं किती चालणार, हेही आराखड्यातच ठरवावं लागतं.