वाचकांचे प्रश्न : अणुऊर्जेची कामं आणि छोटा कारखाना

प्रश्न : आमचं भोसरीत सीएनसी शॉप आहे, १४ माणसं. स्टेनलेस स्टीलचे फ्लँज आणि फिटिंग्ज करतो. अणुऊर्जेच्या कामासाठी दोन वर्षांत तीन व्हेंडर मेळाव्यांना जाऊन आलो, कार्डं वाटली. एकही चौकशी आली नाही. कुठे चुकतंय?

तुम्ही चुकीच्या टेबलासमोर उभे राहताय. एंड शील्ड, स्टीम जनरेटर अशी मोठी कामं न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशनकडून लार्सन अँड टुब्रो, गोदरेज, वालचंदनगर यांच्यासारख्या कंपन्यांकडे जातात. त्यांतलं सुटं मशिनिंग बाहेर दिलं जातं ते या कंपन्यांच्या सबकॉन्ट्रॅक्ट विभागाकडून. म्हणजे तुमचं पहिलं गिऱ्हाईक अणुवीज केंद्र नसून ही दुसरी पायरी आहे.

मेळाव्यात खरेदी अधिकाऱ्याकडे कार्डांचा गठ्ठा जमतो आणि तो तसाच पडून राहतो. त्याच्या हातात एक पान द्या. जास्तीत जास्त किती व्यासाचा आणि किती लांबीचा जॉब लागतो, खरोखर किती टॉलरन्स, म्हणजे मापातला चालणारा फरक, धरता (कॅटलॉगमधला नव्हे), मोजमापाची साधनं कोणती, त्यांचं कॅलिब्रेशन कधीपर्यंत वैध आहे आणि आजवर कोणत्या तिसऱ्या पक्षाच्या इन्स्पेक्टरने तुमचा माल तपासला, एवढंच त्यावर हवं. मग तिथेच क्वालिटी विभागाचा माणूस शोधा आणि त्याच्याकडे क्वालिटी प्लॅनचा कोरा नमुना मागा. तो सहसा मिळतो. सध्याच्या एखाद्या साध्या जॉबवर तो पूर्ण भरा. कच्चा माल आला तिथपासून पॅकिंगपर्यंत प्रत्येक टप्पा, कोण तपासणार, कोणत्या टप्प्यावर इन्स्पेक्टर येईपर्यंत काम थांबणार, कोणता कागद तयार होणार, सगळं त्यात यायला हवं. आठ दिवसांत ती फाइल पाठवली की बोलणी वेगळ्या पातळीवर सुरू होतात. सुरुवात सपोर्ट, प्लॅटफॉर्म, हाताळणीच्या ट्रॉल्या अशा कामांपासून करा. सुरक्षेशी थेट संबंध असलेला भाग नवख्या शॉपला कोणी देत नाही, आणि ते योग्यच आहे.

प्रश्न : आमची ४० नगांची लॉट रिजेक्ट झाली. मटेरियल ३०४एल स्टेनलेसच होतं, हातातल्या गनने तपासूनही दाखवलं. इन्स्पेक्टर म्हणतो, हीट नंबर (स्टील ज्या घाण्यात वितळवलं त्याचा नंबर) नाही. मटेरियल बरोबर असताना एवढा हट्ट कशासाठी? (अंबड, नाशिक)

तुमचा राग समजतो, पण इन्स्पेक्टर बरोबर आहे. हातातली एक्सआरएफ गन क्रोमियम, निकेल, मॉलिब्डेनम दाखवते. कार्बन तिला दिसत नाही. ३०४ आणि ३०४एल यांतला मुख्य फरकच कार्बनचा, जास्तीत जास्त ०.०८ टक्के आणि ०.०३ टक्के, त्यामुळे ‘एल’ या अक्षराची खात्री ती गन देऊच शकत नाही. ती मिळते मिलच्या टेस्ट सर्टिफिकेटवरून, आणि ते तुमच्या जॉबचंच आहे हे हीट नंबरवरून कळतं.

दुसरं कारण कोबाल्टचं. निकेलबरोबर थोडा कोबाल्ट स्टीलमध्ये येतोच. रिअ‍ॅक्टरमध्ये, किंवा गंजून तिथून फिरणाऱ्या पाण्यात मिसळल्यावर, त्यावर न्यूट्रॉनचा मारा होतो आणि कोबाल्ट-६० तयार होतो. त्याचा अर्धायुकाल ५.२७ वर्षं. पाइपांच्या आतून चिकटून बसलेला हा कोबाल्ट पुढे कित्येक वर्षं देखभाल करणाऱ्या कामगारांना गॅमा किरणांचा डोस देत राहतो. म्हणून काही भागांसाठी कोबाल्टची वरची मर्यादा ठरलेली असते. नेहमीच्या टेस्ट सर्टिफिकेटवर कोबाल्टचा रकाना बहुतेक वेळा नसतोच. तो ऑर्डरमध्येच लिहून मागावा लागतो, माल कापल्यावर आठवून उपयोग नाही.

आता शॉपमध्ये काय होतं ते पाहा. सहा मीटरच्या बारवर हीट नंबर एका टोकाला असतो. ऑपरेटर दुसऱ्या टोकाकडून तुकडे कापत येतो, आणि नंबर शेवटी उरलेल्या, रॅकवर परत गेलेल्या छोट्या तुकड्यावर राहतो. कापायच्या आधी प्रत्येक तुकड्यावर नंबर पंच करायचा, इन्स्पेक्टरला बोलावून ठसा बदली करून घ्यायचा आणि रजिस्टरमध्ये सही, हाच क्रम. मशिनिंगमध्ये ठसा जाणार असेल तर जॉबला टॅग बांधा आणि फिनिश झाल्यावर ड्रॉइंगमध्ये दाखवलेल्या जागी, दाखवलेल्या पद्धतीनेच परत उमटवा. मार्कर क्लोराइडमुक्तच हवा. स्टेनलेससाठी ग्राइंडिंग व्हील आणि वायर ब्रश वेगळे ठेवा. माइल्ड स्टीलवर चाललेलं व्हील स्टेनलेसला लावलं की लोखंडाचे कण रुततात आणि पावसाळ्यात चार दिवसांत तांबूस ठिपके उठतात.

शेजारच्या कारखान्यांशी संबंध ठेवण्याचा खरा फायदा इथेच आहे. मिल कमी वजनाची ऑर्डर घेत नाही, म्हणून छोटा शॉप बाजारातून मिळेल ती हीट उचलतो. पाच-सहा शॉपनी मिळून एकाच हीटचा माल थेट मिलकडून, ३.१ सर्टिफिकेटसह (मिलने त्याच मालाच्या चाचणीचे निकाल लिहून दिलेला कागद) मागवला तर हा घोळ मुळातच टळतो. वाटणी करताना प्रत्येकाला सर्टिफिकेटची साक्षांकित प्रत, मिळालेलं वजन आणि ठशाची नोंद द्या. मूळ प्रत एकाकडेच राहू दे.

प्रश्न : बोईसर-तारापूर भागातल्या पुरवठादारांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केला आहे. कोणी कोणतं टेंडर भरायचं आणि रेट काय ठेवायचा हेही तिथेच ठरवावं, असं काहींचं म्हणणं आहे.

अजिबात नको. स्पर्धा कायदा, २००२ च्या कलम ३ मध्ये टेंडरमधली अशी संगनमताची बोली प्रतिबंधित आहे. दंड मोठा आहेच, आणि ग्रुपमधले मेसेज हाच पुरावा ठरतो. कोणी रेट टाकलाच तर ‘हे इथे नको’ असं तिथेच लिहा, गप्प राहू नका. गिऱ्हाइकाचं ड्रॉइंगही ग्रुपवर येता कामा नये. काम दुसऱ्याकडून करून घ्यायचं असेल तर आधी लेखी परवानगी घ्या.

ग्रुपवर मोकळ्या मशीनचे तास टाका, इन्स्पेक्टर कोणत्या दिवशी भागात आहे ते टाका. रेडिओग्राफीची (किरणांनी वेल्डिंगच्या जोडांचा फोटो काढून तपासणारी) एजन्सी एका रात्रीत तिघांचे जोड उरकू शकते, मात्र प्रत्येक जागेसाठी अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांची पूर्तता तिने केली आहे का, हे आधी पाहा. त्या दिवशी किरणांचा सोर्स किती क्षमतेचा उरला आहे तेही विचारा. सोर्समधला इरिडियम-१९२ सुमारे ७४ दिवसांत निम्मा होतो आणि तेवढ्याच शॉटला दुप्पट वेळ लागतो. तीन कारखान्यांचं वेळापत्रक इथेच कोलमडतं.

प्रश्न : कास्टिंग देऊन पाच महिने झाले. मुख्य ठेकेदार म्हणतो, ‘आम्हाला वरून पैसे आले की देतो.’ ऑर्डरमध्ये तसं कलमही आहे. (शिरोली, कोल्हापूर)

तुमची नोंदणी सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून, माल देण्याआधीची असेल तर बाजू भक्कम आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्याच्या कलम १५ प्रमाणे लेखी करार असला तरी मुदत ४५ दिवसांपुढे जात नाही, आणि करारात मुदतच नसेल तर १५ दिवस. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत ठेकेदाराने लेखी हरकत घेतली नसेल तर माल स्वीकारला असं धरलं जातं. ऑर्डर, चलन, पोच आणि बिल एकत्र करून छोट्या उद्योगांच्या थकलेल्या पैशांसाठीच्या सरकारी पोर्टलवर अर्ज करा. त्याआधी ठेकेदाराच्या अकाउंट्स विभागाला एक पत्र जाऊ द्या. आयकर कायद्यामुळे मुदत उलटलेली तुमची रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत त्यांना खर्च म्हणून दाखवता येत नाही. मार्च जवळ आला की या पत्राला उत्तर लवकर येतं.

पुढच्या ऑर्डरमध्ये एक ओळ मात्र घालून घ्या. माल तयार असून इन्स्पेक्टर येत नाही, डिस्पॅच क्लिअरन्स (माल पाठवायची परवानगी) मिळत नाही, आणि कास्टिंग तुमच्याच शेडमध्ये पडून राहतं. डिलिव्हरी झालेली नसते, म्हणून ४५ दिवसांची मोजणीही सुरू होत नाही. तपासणीचं लेखी बोलावणं दिल्यापासून ठरावीक दिवसांत कोणी आलं नाही तर ठरलेला हप्ता मिळेल, असं लिहून घ्या. दिवस किती ते तुमच्या पॅटर्न आणि मेटलच्या खर्चावर ठरवा, पण आकडा ऑर्डरमध्येच येऊ दे.