ट्रॉम्सोहून लाँगइयरब्येन: विमानात पावणेदोन तास, बाकी वेळ पासपोर्टाचा

तुम्ही विचारलंय की नॉर्वेतल्या ट्रॉम्सोहून आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांवरचं लाँगइयरब्येन गाव किती लांब, विमानाला किती वेळ लागतो आणि पुढे आपलं 'हिमाद्री' हे भारतीय संशोधन केंद्र बघता येईल का. नकाशात ते पार ध्रुवाला टेकलेलं दिसतं, म्हणून प्रवासाला एक अख्खा दिवस धरलाय तुम्ही.

अख्खा दिवस नको. हवाई अंतर साधारण ९६० किमी आहे, म्हणजे मुंबई–चेन्नईपेक्षा थोडं कमीच. थेट विमान दीड ते पावणेदोन तासांत पोचवतं. फसवतो तो नकाशा. भिंतीवरच्या मर्केटर नकाशात वर जावं तसं सगळं ताणलं जातं, लाँगइयरब्येनच्या ७८ अंश अक्षांशावर तर जवळजवळ पाचपट. मीही आधी पट्टी लावून मोजलं होतं!

खरा वेळ खातो तो पासपोर्ट. स्वालबार्ड नॉर्वेचं, पण शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या, बाहेर. तिथे राहायला व्हिसा लागत नाही. मात्र जायची-यायची वाट शेंगेनमधून, त्यामुळे ट्रॉम्सोत तुम्ही 'बाहेर' पडता आणि परतताना पुन्हा 'आत' येता. म्हणून डबल किंवा मल्टिपल एन्ट्री व्हिसाच घ्या. आमच्या ग्रुपमधल्या एका काकांकडे सिंगल एन्ट्री निघाला. एजंटाने सांगितलं नव्हतं, काकांनी विचारलं नव्हतं. आम्ही वर गेलो, ते चार दिवस ट्रॉम्सोत बसून राहिले. ओस्लोहून येणारं विमान मध्ये ट्रॉम्सोत थांबणारं असेल, तर तपासणीसाठी सामानासकट खाली उतरायची तयारी ठेवा. जोडविमानात निदान दोन-तीन तासांचं अंतर असू द्या, हवा बिघडली तर वेळापत्रक कोलमडतं.

घड्याळ मात्र बदलावं लागत नाही, दोन्हीकडे वेळ एकच. बदलतो तो उजेड. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ट्रॉम्सोत दुपारी सूर्य दिसतो. विमानात बसून लाँगइयरब्येनला उतरलात की तो थेट फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत गायब. खिडकीची जागा घ्यायची तर एप्रिलनंतर या, आभाळ मोकळं असेल तर वाटेत ब्योर्नोया बेट दिसू शकतं.

आता हिमाद्री. २००८ साली सुरू झालेलं हे केंद्र गोव्यात वास्कोला असलेली आपली ध्रुवीय संशोधन संस्था चालवते. ते लाँगइयरब्येनला नाही, आणखी ११० किमी वायव्येला नी-ओलेसुंडला आहे. छोटं पंख्याचं विमान जेमतेम अर्ध्या तासात नेतं, पण त्यातल्या जागा शास्त्रज्ञांसाठी आणि तिथे काम करणाऱ्यांसाठी. तुम्हा-आम्हाला उन्हाळ्यातली बोटीची सहल बघावी लागेल, तीही ते गाव घेणारी आहे ना हे विचारून. रस्ता नाहीच.