मुलीचे नाव आणि आडनावाचा मेळ

मुलीचे नाव ठरवताना ते नुसते कागदावर पाहू नका. आडनावासह मोठ्याने आणि भरभर दहा वेळा म्हणून पाहा, कारण डोळ्यांना न दिसणारे दोष कानाला लगेच कळतात. नावाचा शेवट आणि आडनावाची सुरुवात एकाच वर्णाने होत असेल, तर दोन शब्द एकमेकांत मिसळतात: 'सुमन' पुढे 'नाईक' आले की ऐकणाऱ्याला 'सुमनाईक' असे काहीतरी ऐकू येते, आणि 'मीरा' पुढे 'राणे' म्हणताना 'रा' दोनदा अडखळतो.

अक्षरसंख्येकडेही लक्ष द्यावे. 'लेले' किंवा 'साने' अशा दोन अक्षरी आडनावापुढे 'अरुंधती', 'मृण्मयी' ही लांब नावे डौलदार वाटतात. उलट 'सहस्रबुद्धे' यासारख्या जोडाक्षरांनी भरलेल्या आडनावाला 'उमा' किंवा 'जुई' यांसारखे हलके नाव शोभते, तेथे 'स्निग्धा' ठेवल्यास जिभेला विसावाच मिळत नाही.

रोमन लिपीतील रूप तपासायला मात्र बहुतेक जण विसरतात, आणि मला ही चूक सर्वांत मोठी वाटते. 'रमा' तेथे 'राम' असे वाचले जाऊ शकते, कारण त्या लिपीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा दाखवला जात नाही. आद्याक्षरे जोडून काही विचित्र शब्द होत नाही ना, हेही पाहा.

मोठेपणी ती आडनाव बदलेल की नाही, याचा हिशेब आज करू नये. तो निर्णय तिचा आहे. अर्थ मनापासून आवडलेले नाव केवळ नादासाठी सोडण्यापूर्वी त्याच अर्थाचे दुसरे नाव शोधा: 'सुमन' जमत नसेल, तर 'कुसुम' जमते का ते पाहा.